नजर जाईल तिकडे बंदूक

बिट्टन मार्केटच्या हाटात मटार स्वस्त झाला की भोपाळात हिवाळा आला असं आम्ही धरतो, कॅलेंडर काही का म्हणेना. परवा नितीन, माझा मुलगा, मला गाडीत घालून तिथे घेऊन गेला. मी ढिगापुढे उकिडवी बसून शेंगा चाचपून पिशवीत टाकत होते. भरलेली शेंग बोटाला बरोबर कळते. भाजीवाली म्हणाली, "अम्मा, देख के लो ना, उधर क्या देख रही हो?" मी बघत होते शेजारच्या गाजरांकडे. मटार दिसायला हवा असेल तर मला गाजरांकडे बघावं लागतं, हे त्या बाईला कसं सांगायचं? मी हसले आणि चार शेंगा जास्तच घेतल्या.

गाडीत बसल्यावर नितीन कुरकुरला. "आई, तू हल्ली बोलताना माझ्याकडे बघतच नाहीस. मी बोलतो आणि तू खिडकीला उत्तरं देतेस." त्याचं खरं आहे. माझ्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांचा मधला भाग झिजला आहे. कडेचं सगळं दिसतं. जिथे बघावं तेवढंच पुसलं जातं. हबीबगंजच्या डॉक्टरीणबाईंनी मला हे फार हळुवारपणे सांगितलं. काहींना सुई घेऊन गुण येतो म्हणे, माझ्या प्रकाराला येत नाही. मी म्हटलं, "माहीत आहे." त्या जरा खट्टू झाल्या. वाईट बातमी जपून द्यावी आणि समोरच्याकडे ती आधीच असावी, तसं झालं त्यांचं. पण मला खरंच माहीत होतं. माझ्या बाबांना हेच झालं होतं, आणि तेव्हा ते माझ्याइतके म्हातारेही नव्हते. ज्या हिवाळ्यात त्यांचे डोळे गेले, तो सगळा हिवाळा ते कोल्ह्यासाठी बंदूक निवडत होते.

आता मी राहते त्या कोलार रोडला थंडी पडते पण कोल्हेकुई ऐकू येत नाही. इमारतींमागून इमारती झाल्या, कोल्ह्यांनी जावं कुठे? तेव्हा आम्ही कारखान्याच्या टाउनशिपमध्ये राहायचो. शहर लांब होतं. क्वार्टरांच्या शेवटच्या ओळीत आमचं घर, मागच्या अंगणाला कमरेएवढी भिंत, भिंतीपलीकडे नाला, नाल्याकाठी बाभळी आणि मग दूरवर हरभऱ्याची शेतं. संध्याकाळचा भोंगा झाला की हजारो सायकली घरांकडे सुटायच्या आणि नाल्यातले कोल्हे त्या भोंग्याला सूर लावायचे. आई म्हणायची, "सुटली त्यांचीही शिफ्ट." आई सातारची. भोपाळात येऊन तिला कितीतरी वर्षं झाली होती, पण इथल्या थंडीला ती शेवटपर्यंत "ही तुमच्याकडची थंडी" म्हणत राहिली.

बाबा ग्वाल्हेरचे. त्यांच्या मराठीत निम्मी हिंदी आणि स्वभावात बरीच ग्वाल्हेरी ऐट. त्यांचे काका तिथल्या एका सरदारांकडे शिकारखान्यावर होते. त्यांची दुनळी बाराबोर बंदूक लायसनसकट बाबांकडे आली. कपाटात आईच्या शालूशेजारी ती उभी असे. दोन्हींना नॅप्थलीनच्या गोळ्यांचा एकच वास यायचा. कारखान्यात बाबा इन्स्पेक्शनला होते. मोठमोठे शाफ्ट कातून यायचे आणि केसाच्या जाडीइतकाही फरक असला तर बाबा खडूनं फुली मारून परत पाठवायचे. बाबांनी पास केलेला माल पुन्हा कुणी मोजत नसे. घरीसुद्धा भिंतीवरची तसबीर जरा कलली की ते जेवणावरून उठत.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी त्यांना मायक्रोमीटरवरची रेघ दिसेना. चष्मा बदलला, पुन्हा बदलला. शेवटी जुन्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात गेलो, बाबा आणि मी. मी तेव्हा कॉलेजात होते. डॉक्टरांनी बराच वेळ डोळ्यांत प्रकाश मारून बघितलं आणि म्हणाले, "चश्मे से नहीं होगा साहब. इसका इलाज नहीं है." बाबांनी एकच विचारलं, "पूरा जाएगा?" डॉक्टर म्हणाले, "पूरा नहीं. बीच का जाएगा. चलना-फिरना होता रहेगा." बाहेर येऊन बाबांनी तिळाच्या गजकचा पुडा घेतला, एक तुकडा मला दिला, एक स्वतः खाल्ला. मग म्हणाले, "चालणं-फिरणं राहील म्हणे. माझं कामच तर मधलं आहे, शकू." एवढंच. घरी आईला सगळं मी सांगितलं.

आपली भाषा डोळ्यांवर किती उभी आहे हे मला त्या हिवाळ्यात कळलं. आई म्हणींची बाई. तिच्या बोलण्यात म्हण आली नाही तर आम्ही तिच्या कपाळाला हात लावून ताप बघायचो. "आंधळा मागतो एक डोळा" म्हणता म्हणता ती थांबायची. "डोळ्यात तेल घालून" अशी सुरुवात करायची आणि दूध उतू गेल्यासारखी स्वयंपाकघरात पळायची. घरातून एकेक म्हण हद्दपार झाली. शेवटी ती कमी बोलायला लागली. मला ते बाबांच्या डोळ्यांपेक्षा भीतिदायक वाटायचं.

आणि नेमके त्याच वर्षी कोल्हे धीट झाले. कुणाच्या कोंबड्या गेल्या. पलीकडच्या गावात गवळ्याची म्हैस चावा लागून तोंडाला फेस येऊन मेली. पोटात घ्यायच्या त्या इंजेक्शनांच्या कहाण्या घरोघर सुरू झाल्या. टाउनशिपच्या ऑफिसातून बाबांना बोलावणं आलं: तुमच्याकडे बंदूक आहे, हात पक्का आहे, नाल्याकडचे कोल्हे कमी करा. त्या काळी कोल्हा मारायला कुणाला विचारावं लागत नसे. आज लागतं, ते बरंच झालं. बाबांनी ऑफिसात डोळ्यांचं सांगायला हवं होतं. ते म्हणाले, "पहिले ठीक से बंदूक चुनेंगे. ऐसे नहीं होता." ऑफिसातल्या माणसांना ते पटलं. टाउनशिपमध्ये कुठलंही काम अवजार ठरल्याशिवाय सुरू होत नसे. खड्डा खणायचा तरी आधी फावड्यावर चर्चा व्हायची. आईनं मात्र ऐकून कपाळाला हात लावला. "कोल्हा काकडीला राजी आणि तुम्ही कोल्ह्याला!" ती म्हणाली. बऱ्याच दिवसांनी एक म्हण बाहेर पडली म्हणून मला बरं वाटलं.

मग दर रविवारी निवडणं सुरू झालं. बाबा अंगणात उन्हात खाट टाकून बसत आणि मला समजावून सांगत. मला बंदुकीचं काडीचं प्रेम नव्हतं, पण बाबा इतकं सलग बोलायचे ते तेवढ्यापुरतंच, म्हणून मी ऐकायची. कोल्हा म्हणजे चिमुकलं जनावर, ते म्हणत. केस फुगवून बसतं म्हणून मोठं वाटतं. त्याला तीनशे पंधराची रायफल म्हणजे माशीला हातोडा, आणि ती गोळी कोल्ह्यातून निघून मैलभर पुढे जाईल. पुढे काय आहे? शेतात माणसं आहेत, पलीकडे गाव आहे. पॉइंट टू-टूची गोळी हलकी, आवाज कमी, पण वाऱ्यानं ढकलली जाते आणि कोल्ह्यानं उभं राहावं लागतं. तो कशाला राहील? म्हणून बाराबोर. पण छर्रा कोणता? तिथेच खरी निवड. "बंदूक निवडताना आधी जनावराकडे बघायचं नाही, शकू. त्याच्या मागे काय आहे ते बघायचं. आणि जनावर मेलं पाहिजे, दुखावता कामा नये. दुखावलेलं जनावर सोडून घरी येऊन जेवतो तो शिकारी नाही, कसाईही नाही." हे बोलताना ते माझ्या कानाच्या पलीकडे कुठेतरी बघत असत. त्यांना तसाच माझा चेहरा दिसायचा.

मी आता तशीच बघते. ती सवय लावावी लागत नाही, मान आपोआप वळते. देव्हाऱ्यातली मूर्ती दिसावी म्हणून समईकडे बघायचं, नातवाचा चेहरा दिसावा म्हणून मागच्या पडद्याकडे. लोकांना वाटतं बाईचं लक्ष नाही, बाई शिष्ट आहे. बाबांबद्दलही कारखान्यात असंच बोलायला लागले होते म्हणे. साहेबाला गर्व झाला, नजर देत नाही.

त्यांचा खरा मित्र एकच, शेजारच्या क्वार्टरमधले तिवारीजी. टूलरूमला होते, हाताचे फार नाजूक कारागीर. बाबांच्या डोळ्यांचं त्यांना मी सांगितलं नव्हतं, आईनंही नाही; त्यांनी ओळखलं होतं. कारखान्यात ते काही ना काही निमित्तानं बाबांच्या टेबलाशी यायचे आणि मायक्रोमीटरवरचा आकडा मोठ्यानं वाचायचे, "देखो भाई साहब, मैं ठीक पढ़ रहा हूँ ना?" बाबा म्हणायचे, "ठीक है." असे कित्येक शाफ्ट त्या हिवाळ्यात पास झाले. दोघांनी त्याबद्दल एकमेकांशी कधी एक अक्षर काढलं नाही.

एका रविवारी आम्ही जुन्या शहरात हफीजमियाँच्या दुकानात गेलो. पिढ्यान्‌पिढ्यांचं बंदुकांचं दुकान, आत तेलाचा आणि जुन्या लाकडाचा वास. "को खां, बड़े दिन में आए!" अशी भोपाळी हाक देत मियाँ उठून उभे राहिले. चहा आला. मियाँनी छर्ऱ्यांचे चार नमुने काढून एकेका वाटीत ओतले. बाबांनी वाट्यांकडे बघितलंच नाही, बोटं घातली. वाटाण्याएवढे शिशाचे गोळे, "एलजी." जरा लहान, "एसजी." मिऱ्याएवढे, "बीबी." मोहरीएवढे, "चार नंबर." मियाँ खूश झाले. "उँगलियों में आँख है साहब की!" म्हणाले आणि चमकून गप्प झाले, कारण बाबांनी मान खाली घातली होती. बाबा म्हणाले, एलजीचे दाणे मोजके, दूर गेले की फाकतात, दोन दाण्यांच्या मधून कोल्हा निसटतो किंवा पोटात एक दाणा घेऊन नाल्यात जाऊन कुढत मरतो. चार नंबर नुसता डसतो. उजव्या नळीत बीबी, पहिल्या बारासाठी. डाव्यात एसजी, तो पळाला तर. मियाँनी मान डोलावली. लाल कागदी काडतुसांची दोन खोकी बांधली गेली.

निघायचं तर बाबा उठेनात. "दूरबीन वाली है कोई?" त्यांनी विचारलं. मला वाटतं, या प्रश्नासाठीच ते आले होते. मियाँनी आतून एक विलायती टू-टू आणली, वर काळी दुर्बीण बसवलेली. बाबा दाराशी गेले आणि रस्त्यापलीकडच्या मशिदीच्या मिनारावरच्या कबुतरांवर त्यांनी ती लावली. बराच वेळ लावून उभे राहिले. मग म्हणाले, "मियाँ, इसमें क्रॉस ही नहीं है." मियाँनी ती घेऊन स्वतःच्या डोळ्याला लावली. मी मागून बघत होते. नेम धरायचा तो क्रॉस त्यांना स्वच्छ दिसला असणार. त्यांची बोटं क्षणभर घट्ट झाली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नकाराची मान हलवली, कशाला नकार होता ते मलाही ठाऊक नाही. मियाँनी दुर्बीण खाली घेतली आणि म्हणाले, "हाँ साहब, पुराना माल है. अंदर का तार टूट गया होगा." बाबा म्हणाले, "तभी तो." येताना टांग्यात ते ताठ बसले होते. मी रडले, पण ते त्यांना दिसणार नव्हतं म्हणून डोळे पुसायचीही गरज नव्हती.

सगळे असंच वागत होते, हे आज मला कळतं. ती वस्तीच अशी होती. आमच्याकडे माणूस बिघडत नसे. अवजार बिघडायचं आणि ते दुरुस्त करता यायचं. पंखा, सायकल, रेडिओ, शेजाऱ्याचा कुकर, सगळं कुणीतरी खोलून, घासून, जोडून द्यायचं. त्या माणसांना हात लावून बरं करता येणार नाही अशी गोष्ट पाहायची सवयच नव्हती. त्यामुळे बाबांच्या डोळ्यांवर इलाज म्हणून त्यांनी बंदूक दुरुस्त करायला घेतली.

नाल्यात कोरडा कातळ होता, तिथे बाबा काडतुसांचा फुलोरा, म्हणजे छर्रे कुठे किती फाकतात ते, तपासत. निशाणीला कारखान्यातले रद्द झालेले निळे नकाशे. माझ्या वह्यांची कव्हरंही त्यांचीच असायची. काठ्यांवर नकाशा ताणायचा, मध्ये खडूनं मोठा गोल काढायचा, बाबा मोजून पावलं मागे जायचे आणि बार टाकायचे. मग कागदाच्या मागच्या बाजूनं ते तळवा फिरवत. छर्रा गेला की मागे कागद फाटून वर येतो, ते बोटांना लागतं. "गोल कुठाय?" ते विचारत आणि मी त्यांचा हात धरून गोलावर ठेवत असे. गोल जवळजवळ कोरा असे आणि भोकं सगळी उजवीकडे, कधी डावीकडे. "माल तिरका मारतोय," बाबा म्हणत. तिवारीजी लगेच बंदूक हातात घेऊन म्हणत, "भाई साहब, आगे का मनका छोटा है. बदल देते हैं."

नळीच्या टोकाशी नेम धरायला एक इवलासा मणी असतो. तिवारीजींनी तो काढून ज्वारीच्या दाण्याएवढा पितळी मणी बसवला. पुढच्या रविवारी तोही दिसेना, तेव्हा हाडाचा पांढरा. मग आणखी मोठा, वर पांढरा रंग दिलेला. शेवटचा जवळजवळ बोराएवढा होता. आई तो बघून म्हणाली, "अहो, ह्याच्याआड अख्खा कोल्हा लपेल की!" तिवारीजी हसले, बाबाही हसले. मग बाबा तो मणी अंगठ्यानं कुरवाळत म्हणाले, "बहुत बढ़िया बना है, तिवारी." आणि ते खरंच होतं, फार सुबक होता तो. तिवारीजी आपल्या घरात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

एकदा मी न राहवून विचारलं, "बाबा, तुम्ही कडेनं का बघत नाही? माझ्याकडे बघता तसं?" त्यांनी बंदूक मांडीवर आडवी घेतली. "करून बघितलं," ते म्हणाले. "गोलाच्या शेजारच्या काठीकडे बघितलं की गोल दिसतो. पण मग बार काठीवर जातो. बंदूक हाताच्या ताब्यात नसते गं, शकू. जिकडे नजर जाईल तिकडे ती जाते. काकांनी मला हेच शिकवलं. आता ते विसरायला कुणाकडे शिकू?" त्या दिवसानंतर त्यांनी कागदावर बार टाकणं बंद केलं. पण काडतुसं रोज सकाळी उन्हात ठेवायचे, दमट होऊ नयेत म्हणून. ऑफिसातून निरोप आला की म्हणायचे, संक्रांतीनंतर बघू.

संक्रांतीला आईनं काळी चंद्रकळा नेसली. टाउनशिपमधल्या बायकांना आमच्या काळ्या साडीचं भारी नवल. शुभदिवशी काळं कसं, म्हणून दरवर्षी विचारायच्या. दुपारी हळदीकुंकू होतं. बायका यायला लागायच्या आधी आई तिळाच्या वड्यांचं ताट घेऊन मागच्या फाटकातून, भिंतीबाहेरच्या वाटेनं तिवारीभाभींकडे निघाली होती. तिवारीजींचं अंगण नाल्याकडे जरा जास्त पुढे आलेलं होतं. त्यांच्या भिंतीपाशी ती पोचली आणि कुणीतरी ओरडलं.

कोल्हा नाल्यातून वर आला होता. भर उन्हात, माणसांच्या देखत. जबडा लोंबत होता, मागचे पाय वाकडे पडत होते. तो कुणाला घाबरत नव्हता, तेच वाईट होतं. बाभळीखाली येऊन तो डुलत उभा राहिला. त्याच्या उजव्या हाताला काही पावलांवर, भिंतीला पाठ लावून, ताट छातीशी धरून आई उभी होती. 

बाबा बंदूक घेऊन बाहेर आले. चालता चालताच बोटांनी चाचपून त्यांनी उजव्यात बीबी आणि डाव्यात एसजी घातलं. मी त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिले. "कुठंय?" ते म्हणाले. मी म्हटलं, "समोर. बाभळीच्या बुंध्याशी." त्यांनी बंदूक खांद्याला लावली. "मला तुझी आई दिसतेय," ते पुटपुटले. "काळी साडी दिसतेय. बाभूळ वर दिसतेय. कोल्हा नाही दिसत." कोल्ह्यानं दोन पावलं टाकली, आईच्या दिशेनं. "बाबा, लवकर!" मी म्हटलं. त्यांनी श्वास रोखला. मग त्यांचा चेहरा उजळला, त्या सगळ्या हिवाळ्यात पहिल्यांदा. "दिसला!" ते म्हणाले. "आला, आला, अगदी स्वच्छ दिसला!" बोट घोड्यावर गेलं. आणि मग त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "शकू, तुझी आई कुठं गेली? आत्ता तर तिथं होती."

मला बोलता येईना. तो पांढरा मोठा मणी कुठे रोखलेला होता ते मला दिसत होतं. माझ्या गप्प राहण्यावरूनच त्यांना कळलं. बंदूक खाली आली. त्यांनी ती मधून उघडून दोन्ही काडतुसं काढली आणि माझ्या हातात दिली, गुळगुळीत, उन्हानं कोमट. मग ते पायरीवर बसले.

कोल्ह्यानं आईला काही केलं नाही. तिच्या पदरापासून हातभर अंतरावरून तो तसाच डुलत गेला आणि पुन्हा नाल्यात उतरला. आईच्या ताटातली एक वडीसुद्धा सांडली नव्हती. त्या दिवशी बायका आल्या, हळदीकुंकू झालं, आईनं सगळ्यांना तिळगूळ दिला. सगळ्यांत शेवटी बाबांना दिला आणि म्हणाली, "अहो, आता पुरे. विका ती." बाबा म्हणाले, "हो."

दुसऱ्या दिवशी करीला पोरांनी आणि मोठ्यांनी मिळून तो कोल्हा नाल्यात गाठला. बंदूकवाला कुणी नव्हता, म्हणून लोखंडी सळ्या घेऊन गेले. आमच्या अंगणात सगळं ऐकू येत होतं. मी खिडकी लावायला गेले तर बाबा म्हणाले, "राहू दे." बराच वेळ लागला. आवाज थांबेपर्यंत ते पायरीवरून हलले नाहीत आणि त्या दिवशी ते जेवलेही नाहीत.

पुढे त्यांनी स्वतःच साहेबांना सांगितलं. इन्स्पेक्शनमधून त्यांना स्टोअर्समध्ये टाकलं. नोकरी राहिली, पगार राहिला, माणूस राहिला नाही. रिटायर होईपर्यंत ते खिळ्यांच्या आणि नटांच्या खोक्यांमध्ये बसून होते, बोटांनी माल ओळखत. बंदूक हफीजमियाँनी नेली. मणी काढून ठेवा असं कुणीच म्हणालं नाही. भिंतीवरच्या तसबिरी तिरक्या व्हायला लागल्या आणि तशाच राहिल्या.

तिवारीजी बदली होऊन गेले. टाउनशिपचे कितीतरी क्वार्टर आता ओस आहेत, दारांत गवत आहे. आई जायच्या आधी काही महिने माझ्याकडे होती. एकदा मटार सोलता सोलता मला म्हणाली, "त्या हिवाळ्यात ह्यांनी एकदाच माझ्याकडे सरळ बघितलं गं. संक्रांतीला. नळीवरून अगदी डोळ्यांत डोळे घालून. आणि तेव्हाच मी त्यांना दिसत नव्हते." तिला त्या दोन नळ्यांची भीती वाटली नव्हती, दुःख होतं ते याचं. इतकी वर्षं ते तिनं एकटीनं सांभाळलं होतं.  

आज सकाळी नितीन मटार सोलायला माझ्यासमोर येऊन बसला. नातवाच्या परीक्षेचं, सोसायटीच्या पाण्याचं, काहीबाही सांगत होता आणि मी त्याच्या खांद्यापलीकडच्या फ्रिजकडे बघत ऐकत होते. त्याचा चेहरा मला चांगला दिसत होता. कपाळ बाबांचं आहे त्याचं. डोळ्यांचं त्याला मी अजून सांगितलेलं नाही. हे घराण्यातून उतरतं, हे तर नाहीच नाही. तो मध्येच थांबला. लहानपणी रुसायचा त्याच आवाजात म्हणाला, "आई, एकदा तरी माझ्याकडे बघ ना."

मी बघितलं, अगदी सरळ. त्याला बरं वाटलं असावं, तो पुन्हा बोलायला लागला. त्याच्या आवाजावरून मी ओळखलं, कारण समोरच्या खुर्चीत मला कुणी दिसत नव्हतं.